मुका होम्स: शेरलॉकच्या सुरुवातीच्या लघुपटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पांढरी चादर ताणून मी जेमतेम अर्ध्या मिनिटाचा एक चित्रपट लावला. दूध आटेपर्यंत तो सात वेळा लावावा लागला, कारण प्रत्येक वेळी कुणीतरी वाटी घेऊन उशिरा यायचं आणि "अरे, संपला पण?" म्हणायचं. त्या रात्री सुरू झालेले प्रश्न अजून थांबलेले नाहीत. जिन्यात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पडद्यावरचा पहिला शेरलॉक होम्स कोणता?

तोच, गच्चीवर सात वेळा लावलेला. 'शेरलॉक होम्स बॅफल्ड', म्हणजे आपल्या भाषेत 'शेरलॉक होम्स चक्रावला'. १९०० साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन म्युटोस्कोप अँड बायोग्राफ या कंपनीने तो काढला. चित्रीकरण झालं कंपनीच्या गच्चीवरच्या स्टुडिओत, कारण तेव्हा सूर्य हाच मुख्य दिवा.

एक दिवाणखाना. काळे कपडे घातलेला चोर टेबलावरचं सामान पोत्यात भरतोय. ड्रेसिंग गाऊन घातलेला, तोंडात सिगार असलेला एक गृहस्थ आत येतो आणि चोराच्या खांद्यावर हात ठेवतो. चोर गायब. गृहस्थ काही झालंच नाही अशा थाटात सिगार पेटवायला लागतो, तेवढ्यात चोर परत हजर. गृहस्थ गाऊनच्या खिशातून पिस्तूल काढून झाडतो, चोर पुन्हा गायब. पोतं तेवढं हाती लागतं. आता जिंकलो म्हणेपर्यंत पोतं त्याच्या हातातून नाहीसं होऊन खिडकीपाशी उभ्या चोराच्या हातात जातं, आणि चोर खिडकीतून पसार. गृहस्थ बघतच राहतो. चित्रपट संपला.

यात होम्सचं काय आहे?

नाव. बाकी काही नाही. तर्क नाही, त्याचा मित्र डॉक्टर वॉटसन नाही, बेकर स्ट्रीटवरचं त्याचं घर नाही. पण १९०० सालच्या न्यूयॉर्कमध्ये नाव पुरेसं होतं. आदल्याच वर्षी विल्यम जिलेट या नटाने होम्सवरचं नाटक ब्रॉडवेवर आणलं होतं आणि ते तुफान चाललं होतं. गाऊन घातलेला, धूर सोडणारा माणूस दिसला आणि पाटीवर होम्सचं नाव असलं, की प्रेक्षक ओळखत होता.

माझं मत विचाराल तर ही सुरुवात अगदी योग्य माणसाकडून झाली. जगातला सगळ्यात हुशार डिटेक्टिव्ह सिनेमात पहिल्यांदा आला तो मूर्ख बनायला. त्याची सगळी ताकद बोलण्यात, आणि सिनेमाने त्याला आणल्या आणल्या मुका केला. पुढची वीस-पंचवीस वर्षं या मुकेपणाचं करायचं काय, हाच प्रश्न सगळे लघुपट सोडवत होते.

चोर गायब कसा होतो?

कॅमेरा थांबवून. सगळ्यांना जागच्या जागी पुतळ्यासारखं उभं करायचं, चोराने चौकटीबाहेर जायचं, आणि कॅमेरा पुन्हा फिरवायला लागायचं. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलियेस या जादूगाराने ही करामत गाजवली होती. बारकाईने पाहिलंत तर प्रत्येक गायब होण्याच्या क्षणी होम्सचा हात किंवा गाऊनची घडी किंचित हललेली दिसते. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या पाचवीतल्या मुलीने हे मी न सांगता पकडलं. त्या रात्रीची खरी डिटेक्टिव्ह तीच.

तेव्हा लोकांनी हा चित्रपट थिएटरात पाहिला का?

मुळात तो म्युटोस्कोपसाठी काढलेला. म्युटोस्कोप म्हणजे एक उभी लोखंडी पेटी. आत एका चक्राला शेकडो छायाचित्रांची पत्त्यांसारखी कार्डं लावलेली. नाणं टाकायचं, भिंगाला डोळे लावायचे आणि मूठ फिरवायची. वहीच्या कोपऱ्यांवर चित्रं काढून पानं फर्रकन सोडतो ना आपण, तोच प्रकार. एका वेळी एकच प्रेक्षक, आणि वेग त्याच्या हातात.

एवढा जुना चित्रपट टिकला कसा?

कागदामुळे. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात १९१२ पर्यंत चित्रपट नावाची वस्तूच नव्हती. छायाचित्राला मात्र संरक्षण होतं. म्हणून कंपन्या अख्खा चित्रपट कागदाच्या लांब पट्टीवर छापून, छायाचित्रं म्हणून, वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा करायच्या. आपल्या होम्सची नोंद १९०३ सालची आहे. मूळ फिल्मा नष्ट झाल्या, भेंडोळी तळघरात पडून राहिली, आणि पुढे त्यांवरून चित्र-चित्र टिपत पुन्हा फिल्म बनवली गेली. हा होम्स हरवला असंच सगळे धरून चालले होते. १९६८ साली मायकेल पॉइंटर या होम्सच्या अभ्यासकाला तो त्या कागदी संग्रहात सापडला.

सरकारी दप्तरदिरंगाईला आपण उठता-बसता शिव्या देतो. इथे दप्तरात पडून राहिला म्हणूनच वाचला.

या चित्रपटांसाठी होम्सचा लेखक कॉनन डॉयल याची परवानगी घ्यायचे का?

पहिली दहा वर्षं कुणी विचारतही नव्हतं. कथेवरून चित्रपट काढणं ही चोरी आहे की नाही, यावरच एकमत नव्हतं. १९०८ च्या कॉपीराइटविषयीच्या बर्लिन करारात चित्रपटांचा उल्लेख आला आणि १९११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केलम कंपनीविरुद्धच्या खटल्यात 'कादंबरीवर चित्रपट काढायचा तर हक्क घ्या' असा निकाल दिला. तोवर रान मोकळं होतं.

त्या मोकळ्या रानात सगळ्यात जोरात पळाले डॅनिश लोक. कोपनहेगनच्या नॉर्डिस्क कंपनीने १९०८ पासून होम्सची मालिकाच सुरू केली. व्हिगो लार्सन हा दिग्दर्शकही आणि सुरुवातीचा होम्सही. डॉयलच्या कथांशी त्यांचं नातं दूरच्या मामेभावासारखं. पहिल्याच चित्रपटात होम्ससमोर उभा केला रॅफल्स, म्हणजे भलत्याच लेखकाचा चोर! नंतर लार्सन जर्मनीला गेला आणि तिथे होम्स विरुद्ध आर्सेन ल्युपँ अशी पाच चित्रपटांची कुस्ती लावली. ल्युपँ हा मॉरिस लब्लाँ या फ्रेंच लेखकाचा चोर. लब्लाँनेही आधी होम्सला आपल्या कथेत खुशाल आणलं होतं. डॉयलने हरकत घेतल्यावर अक्षरं इकडची तिकडे करून 'हर्लॉक शोम्स' केलं. आपल्याकडे नकली बॅगांवर नाव छापतात तसं.

मग डॉयलला पैसे मिळाले की नाही?

मिळाले, पण गोष्ट ऐका. एक्लेर या फ्रेंच कंपनीने हक्कांसाठी किरकोळ रक्कम देऊ केली. डॉयलला ती आयती चालून आलेली लक्ष्मी वाटली आणि त्याने सही केली. पुढे सिनेमाचं दुकान एवढं वाढलं की तेच हक्क परत घ्यायला त्याला बरोब्बर दहापट मोजावे लागले. हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. गुंठ्याच्या भावात विकलेली जमीन चौरस फुटाच्या भावाने परत घेण्यासारखं.

एक्लेरचे चित्रपट कसे आहेत?

१९१२ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, बेक्सहिल-ऑन-सीला, आठ लघुपट काढले. होम्स झाला जॉर्ज त्रेव्हिल हा फ्रेंच नट. 'द कॉपर बीचेस' आज पाहता येतो आणि तो जरूर पाहा. चांगला आहे म्हणून नव्हे, त्यात एक मोठी चूक डोळ्यांसमोर घडते म्हणून.

मूळ कथेत व्हायोलेट हंटर होम्सकडे येते. नोकरी बरी आहे, पगार भरमसाट आहे, पण मालक विचित्र अटी घालतो: केस कापा, अमुक रंगाचा झगा घाला, खिडकीकडे पाठ करून बसा. का? हे 'का' शेवटपर्यंत आपल्याला कुरतडत राहतं. चित्रपटात काय केलंय? गोष्ट सरळ काळाच्या ओळीने सांगितली. आधीच दाखवलं की बापाला मुलीचं लग्न मोडायचंय आणि त्यासाठी तो तिला कोंडतो. मग तिच्यासारखी दिसणारी हंटर येते. होम्स उगवतो त्यानंतर, आणि तोवर प्रेक्षकाला सगळं ठाऊक असतं. बिचारा होम्स आपल्याला माहीत असलेली गोष्ट शोधून काढतो.

मला आधी हा निव्वळ बावळटपणा वाटला होता. दुसऱ्यांदा पाहताना जाणवलं की त्यांच्यापुढे दुसरा मार्ग फार सोपा नव्हता. रहस्य मागून उलगडायचं तर कुणीतरी ते बोलून सांगावं लागतं. इथे बोलायचं कुणी?

बोलणं नाही, तर होम्सचा तर्क दाखवणार कसा?

हाच मुद्दा आहे, म्हणून जरा थांबतो.

पुस्तकात होम्स समोरच्याकडे एक नजर टाकतो आणि म्हणतो, तुम्ही अफगाणिस्तानात होतात. मग अर्धं पान तो कसं ओळखलं ते सांगतो, आणि वॉटसन आपल्या वतीने थक्क होतो. मूकपटात हे अर्धं पान पाटीवर लिहावं लागतं. पाटी आली की चित्र थांबतं, आणि तिकीट काढून आलेला माणूस वाचनालयात बसल्यासारखा वाचत बसतो. दोन रिळांच्या चित्रपटाला वीस-पंचवीस मिनिटं. त्यात पाट्या किती टाकणार?

म्हणून दिग्दर्शकांनी पळवाटा काढल्या. काहींनी तर्कच सोडला आणि पाठलाग, भुयारं, मारामाऱ्या घेतल्या. नॉर्डिस्कचा हा खाक्या. काहींनी वस्तूंना बोलायला लावलं: पत्र, पावलाचा ठसा, चष्मा पडदाभर मोठा करून दाखवायचा. आणि तिसरी वाट वेषांतराची. होम्स वेष बदलून आला की प्रेक्षकाला पाटीशिवाय कळतं, आणि ओळखल्याचा आनंदही मिळतो.

एक अडचण मात्र कुणाच्याच हातात नव्हती. 'लाल केसवाल्यांचा संघ' या कथेचा १९२१ साली लघुपट झाला. अख्खी कथा केसांच्या लाल रंगावर उभी, आणि चित्रपट काळा-पांढरा! त्यात त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, लाल वस्तू काळपट उमटायची. म्हणजे लंडनमधल्या सगळ्यात लालभडक डोक्याचा माणूस आणि कुठलाही काळ्या केसांचा माणूस पडद्यावर सारखेच. 'पिवळा चेहरा' आणि 'निळं माणिक' यांचेही चित्रपट निघाले. रंगाचा विश्वास प्रेक्षकाने पाटीवर ठेवायचा.

एकच नट बघायचा असेल तर कोणाला बघू?

आयली नॉरवुड. विचार करायचं कारण नाही.

लंडनमध्ये नाट्यगृहांचे मालक सर ऑसवल्ड स्टॉल यांच्या कंपनीने १९२१ ते १९२३ या तीन वर्षांत पंधरा-पंधरा लघुपटांच्या तीन मालिका काढल्या, क्रिकलवुडच्या स्टुडिओत. पंचेचाळीस लघुपट आणि वर दोन पूर्ण लांबीचे: 'बास्करव्हिलचा कुत्रा' आणि 'चौघांची सही'. एकूण सत्तेचाळीस वेळा होम्स एकच, नॉरवुड. पहिली मालिका आणि दोन्ही मोठे चित्रपट मॉरिस एल्व्ही यांनी दिग्दर्शित केले, पुढच्या दोन मालिका जॉर्ज रिजवेल यांनी. वॉटसन बहुतेक ठिकाणी ह्युबर्ट विलिस.

सुरुवात केली तेव्हा नॉरवुड साठीला टेकला होता. होम्सचं कपाळ मोठं दिसावं म्हणून त्याने पुढचे केस भादरले आणि व्हायोलिन शिकून घेतलं. मूकपटात व्हायोलिन! ऐकणार कोण? पण बोटं खरी पडली पाहिजेत, हा त्याचा हट्ट. वेषांतरात तो इतका तरबेज की त्यावर डॉयल खूश होता. डॉयलने लिहिलंय की हा माणूस काहीही न करता नुसता उभा असला तरी त्याच्यावरून नजर हटत नाही, आणि त्याच्या विचारमग्न डोळ्यांमुळे आता काहीतरी घडणार असं वाटत राहतं.

खरं उत्तर इथे आहे, असं मला वाटतं. इतर मुके होम्स हातवारे करून बोलण्याची भरपाई करतात. नॉरवुड गप्प बसतो. दार उघडून कुणी आत आलं की तो फक्त पाहतो, क्षणभर जास्तच पाहतो, आणि तुम्ही आपोआप त्या माणसाच्या बुटांकडे, बाह्यांकडे बघायला लागता. अर्धं पान वाचल्याचं काम तेवढ्या नजरेत होतं.

मग डॉयलची तक्रार काहीच नव्हती?

एक होती. या चित्रपटांत टेलिफोन आणि मोटारी घुसल्या होत्या. कथा व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, पण स्टॉलने होम्सला थेट १९२१ च्या लंडनमध्ये आणून सोडला. अलीकडे होम्सच्या हातात मोबाइल दिला तेव्हा केवढा गहजब आणि कौतुक झालं. ती युक्ती शंभर वर्षं जुनी आहे.

ती टोपी, तो वाकडा पाइप आणि 'एलिमेंटरी, माय डियर वॉटसन'?

टोपी सिडनी पॅजेट या चित्रकाराने मासिकातल्या चित्रांत दिली. वाकडा पाइप जिलेटने नाटकात रुळवला. ते वाक्य जसंच्या तसं डॉयलच्या एकाही कथेत नाही, आणि मूकपटात तर ते ऐकू येण्याचा प्रश्नच नाही.

फक्त होम्सवरच चित्रपट निघाले का?

छे. १९०८ मध्येच एक्लेरने अमेरिकन स्वस्त कादंबऱ्यांतल्या निक कार्टरवर मालिका काढली, दिग्दर्शक व्हिक्तोरिन जासे. भागांमागून भाग काढायची चटक युरोपला लावण्यात तिचा मोठा वाटा. एडगर ॲलन पोच्या 'रू मॉर्ग'च्या खुनाची कथाही अमेरिकेत १९०८ साली पडद्यावर आली, पण डिटेक्टिव्ह म्हणून नाव दिलं होम्सचं! डिटेक्टिव्ह कथेचा जनक पो, आणि त्याच्याच कथेवर दुसऱ्याच्या मानसपुत्राची पाटी. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांच्या वाचकांना झुंजारच्या कथेवर परक्या नायकाचं नाव दिसलं असतं तर काय झालं असतं, कल्पना करा.

विनोदी काही आहे का?

डग्लस फेअरबँक्सचा १९१६ चा 'द मिस्टरी ऑफ द लीपिंग फिश', दोन रिळांचा. होम्सच्या कोकेनच्या सवयीची इतकी बेधडक टवाळी आज कुणी करू धजणार नाही. लहान मुलांसोबत पाहू नका. बस्टर कीटनचा १९२४ चा 'शेरलॉक ज्युनियर' मात्र अख्ख्या घरासोबत पाहा. तो पाऊण तासाचा आहे, लघुपट म्हणावा का यावर वाद घाला, पण बघून झाल्यावर.

आपल्या मुंबईचा याच्याशी काही संबंध?

दोन आहेत. 'अ स्टडी इन स्कार्लेट' या होम्सच्या पहिल्याच कादंबरीत, पहिल्याच पानावर, डॉक्टर वॉटसन मुंबईत उतरतो. त्याची पलटण आधीच खिंडी ओलांडून पुढे गेलेली असते, तो मागून कंदाहार गाठतो, मैवंदच्या लढाईत खांद्याला गोळी लागते आणि लंडनला परततो. दुसरा संबंध निव्वळ नावाचा. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं या देशात पहिल्यांदा दिसली ती काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलात. आणि कॉनन डॉयल वारला तोही एका ७ जुलैलाच, १९३० साली. यातून काही निष्पन्न होत नाही, पण माझ्यासारख्याला झोप येत नाही.

'ठिपकेदार पट्टा' या कथेत खलनायक कलकत्त्याला डॉक्टरकी करून आलेला असतो आणि हिंदुस्थानातून मागवलेले चित्ता आणि बबून बागेत मोकळे सोडतो. हिंदुस्थानात बबून नसतात, पण डॉयलला कोण सांगणार? एक्लेर आणि स्टॉल, दोघांनीही ही कथा पडद्यावर आणली. भालबा केळकरांच्या अनुवादातून होम्स वाचलेल्यांनी कथा आधी वाचून मग चित्रपट बघावा.

यातले किती हरवले?

पुष्कळ. १९१४ साली 'अ स्टडी इन स्कार्लेट'वर अमेरिकेत दोन रिळांचा आणि इंग्लंडमध्ये पूर्ण लांबीचा, असे दोन चित्रपट निघाले. दोन्ही आज नाहीत. इंग्रजी चित्रपटात होम्स झालेला जेम्स ब्रॅगिंग्टन मूळचा नटच नव्हता, निर्मात्याच्या कचेरीत हिशेब ठेवायचा. चेहरा जुळला म्हणून उभा केला. सॉमरसेटमधली चेडरची घळ अमेरिकेचे रॉकी पर्वत म्हणून वापरली होती.

कारण साधं आहे. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. ती आपला प्राणवायू स्वतःच तयार करते, त्यामुळे एकदा पेटली की पाण्यात बुडवूनही विझत नाही. न पेटली तरी हळूहळू चिकट होऊन तिची भुकटी होते. शिवाय तिच्यात चांदी असते, म्हणून कित्येक रिळं चांदीसाठी वितळवली गेली. पुण्यात २००३ च्या जानेवारीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मांना आग लागली, ती बातमी वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको.

चमत्कारही होतात. जिलेटचा १९१६ चा मोठा चित्रपट साफ गेला असं धरलं होतं, तो २०१४ साली पॅरिसच्या सिनेमातेक फ्रांसेजमध्ये सापडला.

हे पाहायला कायदेशीर आहे का?

डॉयलचे हक्क भारतात कधीच संपले. मृत्यूनंतर साठ वर्षं हा आजचा नियम लावला तरी मुदत १९९० पर्यंतच येते. अमेरिकेत शेवटच्या कथा १ जानेवारी २०२३ ला मोकळ्या झाल्या. १९०० चा अर्ध्या मिनिटाचा होम्स कुठेही सापडेल. नव्याने दुरुस्त केलेल्या प्रती आणि त्यांवर चढवलेलं नवं संगीत मात्र ज्याचं त्याचं. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०२४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये नॉरवुडचे तीन दुरुस्त लघुपट वाजत-गाजत दाखवले. ती चित्रं पाहिल्यावर जुन्या धुरकट प्रती बघवत नाहीत.

माणसं एवढी लगबगीने का चालतात?

तुम्ही चुकीच्या वेगाने बघताय. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, बहुतेकदा सेकंदाला सोळा ते वीसच्या आसपास चित्रं. ती चोवीसच्या वेगाने सोडली की होम्स लोकल पकडायला निघाल्यासारखा दिसतो. वेग पाऊणपट करा. नॉरवुडची नजर तेव्हाच कळते.

पहिला होम्स केला कोणी?

नटाचं नाव कुणी नोंदवलंच नाही. चोराचंही नाही. कॅमेऱ्यामागे आर्थर मार्व्हिन होते, ते नाव तेवढं कंपनीच्या कागदात राहिलं, कारण कॅमेरा चालवणारा पगारावर होता.